सावनीवर पीठ सांडल्यासारखं दिसतंय? भुरी ओळखायची आणि आवरायची कशी

दिवाळी आटोपून थंडीची पहिली चाहूल लागली की आमच्या इंदूरच्या राजेंद्र नगरच्या गल्लीत कोणीतरी मला पानाचा फोटो पाठवतंच. यंदा समोरच्या काकूंचा आला. त्यांच्या फाटकाशी सावनी आहे, तीच ती गुलाबी झालरीसारख्या फुलांची, नर्सरीवाले जिला क्रेप मर्टल म्हणतात आणि जी आपल्या तामणाच्या घराण्यातलीच आहे, तर तिच्या शेंड्याची सगळी कोवळी पानं पांढरी झालेली. खाली मेसेज, "अरे कोणी रांगोळी उडवली का काय हिच्यावर, पुसली तरी चार दिवसांनी परत येतेय."

परत येतेय म्हटल्यावर कळलंच मला. भुरी. नाशिककडे कोणी द्राक्षवाले नातेवाईक असतील तर त्यांच्यासमोर हा शब्द काढून बघा, लगेच कपाळाला आठ्या. शेतीतली भुरी सगळ्यांना माहीत असते पण अंगणातल्या शोभेच्या झाडांवर, गुलाबावर, रस्त्याकडेच्या शीशमवर पण तीच मंडळी राहतात हे लोकांच्या लक्षात येत नाही, आणि मग कोणी चुना फासतं, कोणी हळद टाकतं, कोणी दुकानात जाऊन जे मिळेल ते घेऊन पंप भरतं. मी पण हे सगळं करून बसलोय, झाड जाळून पण झालंय माझं, ते खाली सांगतो.

आधी ही बया आहे कोण ते बघू, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे निम्मे उपाय तुम्हाला आपोआपच सुचतील.

ही बुरशी आहे, पण भाकरीवर किंवा लोणच्यावर येते तसली नाही. ती मेलेल्या, कुजलेल्या वस्तूवर जगते, भुरीला मात्र जिवंत पानच लागतं. पान मेलं की हिचंही अन्न संपलं. म्हणून ही पानाला एकदम मारत नाही, पानाच्या पृष्ठभागावर धाग्यांचं जाळं पसरते आणि वरच्या सालीच्या पेशींत बारीक सोंडा खुपसून रस ओढत बसते. बाकी सगळा संसार बाहेर, पानावर, उघड्यावर. लॅबमध्ये काचेच्या बशीत खाऊ घालून वाढवायची म्हटलं तर वाढत नाही. जगात हिच्या नऊशेच्या आसपास जाती आहेत आणि त्या मिळून दहा हजारांच्या आसपास प्रकारच्या झाडाझुडपांवर राहतात, पण बहुतेक जातींचे नखरे असे की ठरलेलं घर सोडून दुसरीकडे जेवणार नाहीत. गुलाबाची भुरी वेगळी, तिचं नाव पोडोस्फेरा पॅनोसा. सावनीची वेगळी, एरिसिफे ऑस्ट्रेलियाना. त्यामुळे "गुलाबाची सावनीला लागली" असं काकू म्हणतात तसं होत नसतं, दोघांना एकाच हवेत आपापली लागलेली असते.

आता खरी गंमत. बाकीच्या बहुतेक बुरशींच्या बीजाणूंना, म्हणजे त्यांच्या बियांसारख्या बारीक कणांना, रुजायला पानावर पाण्याचा थेंब लागतो. भुरीचा बीजाणू स्वतःच्या पोटातच भरपूर पाणी घेऊन फिरतो, त्याला थेंब नको, नुसती दमट हवा बास. उलट पानावर पाणी साचलं तर त्याचं बिनसतं. म्हणून जुलै-ऑगस्टच्या धो-धो पावसात भुरी दबलेली असते आणि पाऊस गेला, रात्री गार व्हायला लागल्या की डोकं वर काढते. साधारण १५ ते २७ डिग्री हिला मानवतं, ३५च्या वर ही गपगार होते. म्हणजे बघा, दिवसा कोवळं ऊन, रात्री गारवा, पहाटे दमटपणा, आपली नोव्हेंबर ते मार्चची मालव्याची हवा हिच्यासाठी बेतून दिल्यासारखी आहे. मालव्याच्या नावाजलेल्या रात्रींचं, शब-ए-मालवाचं, कौतुक आपण एकटेच करत नाही म्हणायचं.

एक बीजाणू पानावर पडला की काही तासांत रुजतो आणि पाच-सात दिवसांत त्याची पुढची पिढी उडायला तयार. काकूंच्या "चार दिवसांनी परत" मागचं कारण हे.

आधी भिंग, मग पंप

पांढरं दिसलं की भुरीच, असं समजू नका. मी स्वतः फसलोय. आपल्याकडे पानं पांढरी करणारे चार-पाच जण आहेत.

सगळ्यात पहिली संशयित धूळ. मेट्रोचं खोदकाम ज्यांच्या घराजवळ चाललं होतं त्यांना सांगायला नको. ओल्या बोटाने पुसा, पान खालून स्वच्छ हिरवं निघालं आणि आठवडाभरात फक्त वरच्या बाजूने सारखा पातळ थर परत बसला तर धूळ. भुरी अशी सारखी बसत नाही, तिचे गोल-गोल डाग असतात, मग ते वाढत एकमेकांत मिसळतात, आणि पुसल्यावर खालचं पान जरा पिवळट किंवा लालसर, सुरकुतलेलं दिसतं. सावनीत तर कोवळं पान मुरडतं, शेंडा आखडतो, कळीवर थर आला तर कळी उघडतच नाही, तशीच वाळून गळते.

दुसरा पिठ्या ढेकूण. हा कापसाच्या बोळ्यांसारखा, फांदीच्या बेचक्यात, देठाशी बसतो, काडीने उचलला तर आतून चिकट जीव निघतो. मुंग्यांची रांग आणि पानावर चिकटा असेल तर हे रस पिणाऱ्या किड्यांचं काम, भुरीला चिकटा नसतो. तिसरी पांढरी माशी, ती पानाच्या पाठीवर मेणाचे गोल वळसे काढते, पेरूवर आणि चाफ्यावर बघायला मिळतात. आणि चाफ्याचं अजून एक, पानाखाली केशरी-पिवळी भुकटी बोटाला लागत असेल तर तो तांबेरा, भुरी नव्हे. त्याला पानावर पाणी आवडतं, म्हणजे भुरीसाठी जे खाली सांगणार आहे त्यातलं पानं धुवायचं काम चाफ्याला केलंत तर उलटंच होईल. म्हणून म्हणतो आधी ओळखा.

भिंग कुठून आणायचं? सराफ्यात. हो तिथेच, रात्री आपण भुट्ट्याचा कीस खायला जातो तिथे दिवसा दागिन्यांची दुकानं असतात हे आपण विसरूनच गेलोय, आसपास सोनारकामाच्या सामानाच्या दुकानात १० एक्सचं, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारं, छोटं घडीचं भिंग मिळतं. ते डोळ्याला अगदी चिकटवायचं आणि पान उचलून भिंगाजवळ आणायचं, लोक उलटं करतात, भिंग पानाजवळ धरून लांबून बघतात, मग काही दिसत नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात बघितलं तर पानावर कोळिष्टकासारखे धागे आणि त्यावर उभी राहिलेली चकचकीत लव दिसते, मखमलीला उलटा हात फिरवल्यासारखी. धुळीचे मात्र नुसते खडबडीत कण दिसतात.

घरात मुलांचा शाळेचा मायक्रोस्कोप पडला असेल तर अजून मजा. सेलोटेपचा तुकडा डागावर हलकेच दाबा, काचपट्टीवर चिकटवा, १०० पट मोठं करून बघा. गुलाबाच्या भुरीत बीजाणू एकावर एक रचलेले असतात, लांबट मण्यांची माळ उभी केल्यासारखे, टेप दाबताना बऱ्याच माळा तुटतात पण दोन-तीन मणी जोडलेले सापडतातच. सावनीच्या भुरीत प्रत्येक दांडीवर एकेकटाच दाणा. माझ्या पुतण्याने हे बघून सांगितलं, "काका, हे तर साबुदाणे आहेत." काही चूक नाही त्यात.

तो पिवळा किडा मारू नका

भुरीच्या पानावर एखादेवेळी पिवळाधमक छोटा किडा फिरताना दिसतो, लेडीबर्डच्या आकाराचा पण पाठीवर एकही ठिपका नाही, फक्त डोक्यामागे पांढऱ्या पट्टीवर दोन काळे टिपके, जणू डोळेच. जवळपास त्याची अळी पण असते, फिकट पिवळी, काळे ठिपकेवाली. हा इलेइस नावाचा लेडीबर्ड. याचे बाकीचे भाऊबंद मावा खातात, हा भुरीची बुरशी खातो. मावा नाही, पान नाही, बुरशी! भिंगातून बघितलं तर अळी जिथून गेली तिथे पांढऱ्या थरात हिरवी वाट उघडी पडलेली दिसते, अंगण सारवताना हात फिरतो तशी. याच्याने रोग पूर्ण जात नाही, पण हा दिसला की मी कीटकनाशकाची बाटली कपाटात ठेवतो. माळी भैया मात्र याला बघून "साब, पत्ता खाने वाला कीड़ा है" म्हणून चिरडायला निघाला होता.

मोठ्या झाडाचं काय

काही करू नका.

खरंच. शीशमचं उदाहरण घ्या, आपल्याकडे रस्त्यांच्या कडेला, जुन्या बंगल्यांत भरपूर आहेत. थंडीत त्याच्या पानांच्या पाठीवर पांढरट-राखाडी थर येतो, ती फायलॅक्टिनिया नावाची भुरी, वरच्या बाजूला नुसता पिवळट डाग दिसतो म्हणून पान उलटल्याशिवाय कळत नाही. पण ही पानं तशीही गळणारच असतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये शीशम नवी पालवी काढून मोकळा. तीस फुटी झाडावर फवारा मारायला निघालात तर निम्मं औषध शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर, आणि झाडाला त्याचं काही देणंघेणं नाही. तीच गोष्ट बहाव्याची, कांचनची. मोठं, मुरलेलं झाड असेल तर दोन-चार महिने पानं भुरकट दिसतील, बास.

फक्त शीशमचं एक पान घरी आणून भिंगाखाली जरूर बघा. जुन्या थरात मिरपुडीच्या कणांसारखे पिवळे, तपकिरी, काळे ठिपके दिसतील, ती या बुरशीची फळं. जरा जास्त मोठं करून बघता आलं तर प्रत्येक ठिपक्याला चहूबाजूंनी सुया असतात आणि सुईच्या बुडाशी एक फुगा. या सुया वाकून त्या ठिपक्याला टेकू देतात, पानावरून उचलतात आणि तो सुटून वाऱ्यावर जातो. स्वतःच स्वतःला जॅक लावणारी बुरशी!

काळजी करायची ती लहान रोपांची, कुंडीतल्या झाडांची, गुलाबाची, आणि सावनीची, कारण सावनीत फूल नव्या फांदीच्या टोकाला येतं आणि भुरीला नेमकं तेच टोक आवडतं.

हत्यार नंबर एक: कात्री आणि पाण्याचा पाइप

सावनी बुंध्याशी धुमारे काढते, पाच-दहा काड्या एकदम, दाट. वरचं झाड स्वच्छ असताना सुद्धा या धुमाऱ्यांवर भुरी आधी येते, सावली असते, हवा खेळत नाही, कोवळी पानं भरपूर. काकूंच्याकडे गेलो तर वर दोन फांद्या पांढऱ्या होत्या आणि खाली अख्खं झुडूप पिठात बुडवून काढल्यासारखं. त्या म्हणे, "अरे मला वाटलं खालून भरतंय तर चांगलंच आहे." काकू, तिथूनच तर वर सप्लाय चाललाय! ते सगळे धुमारे अगदी बुडातून काढले, मातीच्या वर ठेवून कापले तर दुप्पट येतात.

मग आतल्या बाजूला वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या. ऊन आत शिरलं पाहिजे, झाडाच्या मधून पलीकडचा माणूस दिसला पाहिजे एवढं मोकळं करायचं. पण आत्ता, नोव्हेंबरात, जोशात येऊन सगळं झाड बोडकं करू नका, परत कोवळी पालवी फुटेल आणि थंडीत भुरीला ताजं ताट मिळेल. सावनीची मोठी छाटणी जानेवारीच्या शेवटी-फेब्रुवारीत, झाड झोपलेलं असताना. फुलं नव्या फुटीवर येतात त्यामुळे तेव्हा छाटून नुकसान काही नाही. आत्ता फक्त पांढरे शेंडे आणि धुमारे.

शेंडा कापताना आधी त्याच्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवा मग कापा, नाहीतर कात्री लावल्याक्षणी जो पांढरा धूर उडतो तो सगळा शेजारच्या फांदीवर.

कापलेला पाला कुठे टाकायचा हा आपल्या शहरात तसा सोपा प्रश्न, गिल्या कचऱ्याच्या डब्यात टाका, सकाळी गाडी येऊन घेऊन जाते. घरी खत करत असाल तर ढीग नीट तापत असेल तरच टाका. ढीग तापवायची विद्या तर आपल्याच गावची आहे, अल्बर्ट हॉवर्ड नावाचे साहेब १९२४ मध्ये इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत आले, आजचं कृषी महाविद्यालय त्याच जागेवर, आणि त्यांनी पाला, शेण, माती थरावर थर रचून उलटवायची जी पद्धत बसवली ती जगभर इंदूर पद्धत म्हणून चालते. तसा ढीग आतून हात भाजेल इतका तापतो, त्यात भुरी टिकत नाही. पण आपण बाल्कनीतल्या ड्रममध्ये भाजीची सालं टाकतो तो ढीग कोमटच राहतो, त्यात रोगट पाला नको.

आता पाणी. जमिनीला पाणी द्या ते सकाळी. संध्याकाळी अंगण, झाडं, कंपाउंड सगळं भिजवायची आपली सवय भुरीच्या फार फायद्याची, रात्रभर हवा दमट. आणि सकाळी साडेआठ-नऊला, ऊन आलं की, पाइपने पानांच्या दोन्ही बाजू जोरात धुवा, दोन-तीन दिवसांआड. बीजाणू वाहून जातात, जे राहतात त्यांना ओल सोसत नाही, आणि दुपारपर्यंत पानं वाळून दुसऱ्या रोगांचं पण भय राहत नाही. काकूंना हे सांगितलं तर पटेना, "बुरशीला पाणी?" म्हणून. बरोबर आहे, लोणच्याला ओला चमचा लागला की बुरशी, हेच ऐकत वाढलोय आपण. गुलाबावर काळे ठिपके पण असतील तर मात्र हे धुणं नको, तो रोग ओल्या पानावर वाढतो.

आणि युरिया बंद. पानं पिवळी-पांढरी दिसली की लोक खताची मूठ टाकतात, नत्र मिळालं की लुसलुशीत पालवी, आणि पालवीवर भुरी. थंडीभर जुनं शेणखत सोडून मी काही घालत नाही.

इतकं केल्यावर निम्म्या झाडांचं काम भागतं, माझा तरी अनुभव असा.

फवारणी करायचीच झाली तर

सुरुवात दुधापासून. हसू नका. ब्राझीलच्या वॅग्नर बेट्टिऑल यांनी १९९९ मध्ये ग्रीनहाउसमधल्या झुकिनीवर प्रयोग करून दाखवलं की आठवड्यातून एकदोनदा पाणी मिसळलेलं गायीचं दूध फवारलं तर भुरी चांगली आटोक्यात राहते. प्रमाण एक भाग दूध, नऊ भाग पाणी. साय नको, साय काढलेलं पातळ दूध चालतं, नाहीतर वास येतो आणि नॉझल तुंबतं. ऊन असलेल्या सकाळी मारा. हे डाग नुकते दिसायला लागले तेव्हाच कामाचं, अख्खं झाड पांढरं झाल्यावर दुधाचा अभिषेक करून उपयोग नाही. आमच्या आईला दूध झाडावर मारणं म्हणजे पापच वाटतं, मग मी फुटलेलं दूध मिळालं की त्याचं वरचं पाणी गाळून वापरतो, तोपर्यंत ती गप्प.

खाण्याचा सोडा पण लोक सांगतात, लिटरला एक सपाट चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत, आणि भांड्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. चालतो, पण थोडाच. आणि त्यातलं सोडियम कुंडीत साठतं, आपली काळी माती आधीच चिकट, सोडियमने अजून घट्ट बसते. त्याच्यापेक्षा पोटॅशियम बायकार्बोनेट बरं, ऑनलाइन मिळतं, प्रमाण तेच.

नीम तेल: लिटरला ५ मिली, पण आधी थोड्या कोमट पाण्यात लिक्विड सोप घालून दुधासारखं होईपर्यंत फेटा, मग बाकीचं पाणी. तसंच ओतलं तर तेल वर तरंगतं आणि शेवटच्या घोटात सगळं एकदम निघून एकाच फांदीवर बसतं. संध्याकाळी मारा.

आणि मग गंधक. भुरीवरचं सगळ्यात जुनं आणि अजूनही भरवशाचं. १८४५ मध्ये इंग्लंडात मार्गेट गावी एडवर्ड टकर नावाच्या माळ्याने द्राक्षाच्या वेलीवर ही भुकटी पाहिली आणि गंधक-चुन्याचं मिश्रण वापरून तिला आवरलं, त्या बुरशीला पुढे त्याच्याच नावावरून ऑइडियम टकेराय म्हणायला लागले. रोगाला स्वतःचं नाव मिळणं हा सन्मान का शिक्षा देव जाणे. आज छावनीतल्या खत-बियाण्याच्या दुकानांत ८० टक्क्यांचं पाण्यात मिसळणारं गंधक मिळतं, लिटरला २ ग्रॅम, १० लिटरच्या पंपाला २० ग्रॅम. आधी मगभर पाण्यात कालवून गाठी मोडा, मग पंपात, आणि फवारताना मधून मधून पंप हलवत राहा, खाली बसतं ते. पानाच्या दोन्ही बाजू. दहा-बारा दिवसांनी परत एकदा. मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून उभं राहायचं नाही. तुळस, कढीपत्ता, पुदिन्याच्या कुंड्या आधी बाजूला करा. झाड फुलांवर असेल, मधमाश्या येत असतील तर फुलांवर काहीच मारू नका.

गंधकाच्या दोन अटी आहेत आणि त्या मी दोन्ही मोडल्यात, एकाच दिवशी. मार्चचा दुसरा आठवडा असेल, सावनीला नवी फूट आली होती, तिच्यावर भुरी, मी रविवारी नीम तेल मारलं, गुरुवारपर्यंत फरक दिसेना म्हणून दुकानात गेलो, दुकानदार म्हणाला "दोनों का डबल असर होगा", मलाही ते पटलं, घरी आलो आणि भर दुपारी बारा वाजता, पारा पस्तिशीला टेकलेला, गंधक मारलं. शनिवारी पानांच्या कडा तपकिरी. सोमवारी पापड. भुरी गेली होती हे खरं, कारण राहायला पानच नव्हतं. आईने फक्त इतकंच विचारलं, "दुधाने काय वाईट केलं होतं?" तर अट पहिली, पारा ३२च्या वर जाणार असेल तर गंधक नाही, म्हणजे आपल्याकडे साधारण होळीनंतर विषय बंद. अट दुसरी, तेल आणि गंधक यांच्यात दोन आठवड्यांचं अंतर, आधी कुठलंही मारलं असो. आणि नवीन झाड असेल तर आधी एकाच फांदीवर मारून दोन दिवस वाट बघा.

एवढ्यानेही ऐकलं नाही तर आंतरप्रवाही बुरशीनाशकं आहेत, पानात शिरून काम करणारी. हेक्साकोनॅझोल ५ टक्के, लिटरला १ मिली, हे सगळ्यात सहज मिळतं. मी गेल्या काही वर्षांत दोनदाच वापरलंय, दोन्ही वेळा गुलाबावर. सीझनमध्ये एकदा, फार तर पंधरा दिवसांनी दुसऱ्यांदा, आणि तिसऱ्यांदा गरज पडली तर वेगळ्या गटातलं घ्या, तेच तेच मारत राहिलात की भुरीतले जे वाचतात ते त्या औषधाला भीक घालत नाहीत. डोस वाढवून तर अजिबात मारू नका, या गटातल्या औषधांनी झाडाची वाढ पण आखडते, पानं गडद आणि बारीक राहतात आणि तुम्ही म्हणता रोग अजून आहे. डब्यावरचं लेबल वाचा, अक्षर मुंगीएवढं असतं, सराफ्यातलं भिंग तिथेही कामाला येतं.

फवारणीनंतर एक गोष्ट लोकांना गोंधळात टाकते. भुरी मेली तरी डाग लगेच जात नाहीत, जुना थर राखाडी होऊन पानावर तसाच राहतो आणि मुरडलेलं पान काही परत सरळ होत नाही. लोकांना वाटतं औषध लागू पडलं नाही, परत मारतात. तुम्ही नवीन आलेली दोन-तीन पानं बघा, ती स्वच्छ असली तर काम झालं, पंप धुऊन ठेवा.

काकूंच्या सावनीला आम्ही धुमारे काढले, चार शेंडे पिशवीत घालून कापले, पाइपने धुणं लावून दिलं, दोनदा दूध-पाणी. गंधक लागलं नाही. जुनी पानं अजून भुरकट आहेत, ती आता महिन्याभरात गळतीलच, गळालेला पाला झाडाखाली न ठेवता उचलायचा कारण शीशमवर सांगितली तशी भुरीची काळी फळं धरली असतील तर ती त्यातच पडून राहतात. छाटणीला मी जानेवारीत जाणार आहे. खरी परीक्षा फेब्रुवारीच्या शेवटी नवीन फूट निघेल तेव्हा, तेव्हा दर तीन-चार दिवसांनी शेंडे उलटसुलट करून बघायचे, पहिला डाग दिसला की तेवढंच पान खुडायचं. एप्रिलचं ऊन तापलं की पुढचं काम सूर्य करतो.

आणि नवीन सावनी घ्यायला नर्सरीत जाणार असाल तर फुलं बघून भुलू नका, आधी बुडाशी वाकून धुमाऱ्यांची पानं बघा. सावनीतही सगळ्या सारख्या नसतात, अमेरिकेच्या नॅशनल आर्बोरेटम या वृक्षोद्यानात डोनाल्ड एगोल्फ यांनी जपानच्या फॉरिए नावाच्या सावनीशी संकर करून भुरीला दाद न देणारे प्रकार काढले, पांढऱ्या फुलांचा नॅचेझ त्यातलाच, तर नाव विचारून बघायला हरकत नाही. बहुतेक ठिकाणी उत्तर "भैया, पिंक है और व्हाइट है" एवढंच मिळेल. मग घरातली जागा तरी नीट निवडा, दिवसाचे सहा तास ऊन आणि भिंतीपासून निदान चार फूट लांब. काकूंची फाटकाच्या कोपऱ्यात आहे, दुपारी दोननंतर तिथे ऊन नाही, त्यामुळे पुढच्या दिवाळीला तो फोटो परत येईल असा माझा अंदाज आहे.